गरम हवा अडली कुठे?

कॅन्टन, मिशिगन
जानेवारी, दुसरा आठवडा

चि. सानिकास,


गॅरेजवाल्याने लिहून दिलेल्या खर्चाचा फोटो पाहिला. हीटर कोअर बदलायचा, त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, आणि एकूण बाराशे डॉलर, त्यातली बरीचशी मजुरीच. तुझी गाडीच मुळात केवढ्याला घेतलीस हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तुझी झोप का उडाली तेही कळलं. ‘आत्या, करून टाकू का?’ असं विचारलंस. इतक्यात नको. तो माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही. कदाचित त्याचंच बरोबर निघेल. पण त्या कागदावर एकही मोजमाप नाही. कुठला होज किती गरम, कूलंट किती, दाब धरतो की नाही, काहीच लिहिलेलं नाही. मोजमापाशिवाय सांगितलेल्या दुखण्यावर मी पैसे घालत नाही आणि तुलाही घालू देणार नाही.

आधी हे यंत्र समजून घे. गाडीतला हीटर उष्णता तयार करत नाही, ती इंजिनात आयती तयार होते. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातला पाव ते तिसरा हिस्सा काय तो चाकांच्या कामी येतो. उरलेली धुरातून आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमधून बाहेर फेकली जाते. ह्या फुकट जाणाऱ्या उष्णतेतली थोडी आपण आत वळवून घेतो. वॉटर पंप कूलंट ढकलतो. इंजिनातून तापून आलेलं कूलंट, इंजिन आणि आपले पाय यांच्यामधला जो पत्रा असतो, ज्याला फायरवॉल म्हणतात, त्यातून एका होजने आत येतं. डॅशबोर्डच्या पोटात वहीएवढा छोटा रेडिएटर बसवलेला असतो, तोच हीटर कोअर. त्यातून फिरून ते दुसऱ्या होजने परत जातं. कोअरच्या पातळ पत्र्यांमधून ब्लोअर, म्हणजे पंखा, हवा ढकलतो. वाटेत ब्लेंड डोअर नावाची एक झडप असते. तू बटण निळ्याकडून लालकडे फिरवलंस की ती हवेला कोअरवरून जायला लावते. इंजिन, पंप, होज, कोअर, झडप, पंखा. उष्णता तर तयार आहेच, ती या वाटेवर कुठे अडली तेवढं शोधायचं.

आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. पुण्यात लाल बटणाला कुणी हात लावत नाही. उलट एप्रिल महिन्यात खंबाटकीच्या घाटात गाडी तापायला लागली की जुने ड्रायव्हर खिडक्या खाली करून हीटर पूर्ण सोडायला सांगतात. आतल्यांचा घाम निघतो, पण ते खूळ नाही. कोअर हा दुसरा रेडिएटरच आहे. इंजिनाची तेवढी उष्णता तिथून निघून जाते. तिकडे तो इंजिनाला वाचवतो, तुझ्या गावी, होटनला, त्याला तुला वाचवायचं आहे.

आणि वाचवायचं म्हणजे खरोखर वाचवायचं. तुमच्या किविनॉ द्वीपकल्पात १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे, रस्त्याकडेचा तो उंच फलक तू पाहिला असशील. अशा ठिकाणी हीटर ही काही चैन नव्हे. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांतलं १०३ क्रमांकाचं मानक समोरच्या काचेवरचं धुकं आणि बर्फ काढणाऱ्या यंत्रणेसाठीच आहे. माझी नोकरी याच कामात गेली. उणे १८ अंशांच्या खोलीत गाडी रात्रभर गारठवायची, काचेवर पाणी फवारून बर्फ धरू द्यायचा, मग इंजिन चालू करून आत बसायचं आणि दर पाच मिनिटांनी, बर्फ कुठवर वितळला त्याची रेघ मेणाच्या पेन्सिलीने काचेवर आतल्या बाजूने ओढायची. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरचा भाग ठरल्या वेळात मोकळा झाला नाही तर सगळी डिझाइन परत. म्हणून सांगते, अंगात तीन कोट घालून गाडी चालवता येते, पण काच पांढरी झाली तर गाडी चालवता येत नाही. तुझा डिफ्रॉस्ट नीट चालायला लागत नाही तोवर रात्री एकटीने कॅल्युमेटकडे वगैरे जाऊ नकोस.

आता तू काय लिहिलंस ते पाहू. सिग्नलला उभी राहिलीस की व्हेंटमधून थंड हवा, हायवेला वेग घेतला की जरा गरम. गाडी सुरू करताना डॅशबोर्डमागे खळखळ. तापमानाचा काटा बरोबर मध्यावर. पंखा चारही गतींवर फिरतो. अगं, निम्मं निदान तू स्वतःच केलंस! पंखा चालतो, म्हणजे ब्लोअर, फ्यूज आणि पंख्याची गती ठरवणारा रेझिस्टर संशयातून वगळ. काटा मध्यावर येतो, म्हणजे इंजिन तापतंय, ते तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटवरचा संशय कमी झाला. हायवेला गरम हवा येते, म्हणजे झडप उघडते आणि कोअर पूर्ण बुजलेला नाही. राहिलं काय? कूलंटचा प्रवाह. इंजिनाला रेस दिली की पंप जोरात फिरतो आणि कूलंट कसंबसं कोअरपर्यंत पोचतं. आयडलला पोचत नाही. आणि खळखळ ऐकू येते याचा अर्थ आत हवा आहे. गच्चीवरची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की आपल्या घरचा नळ कसा फुसफुसतो आणि पाणी तुटक येतं, तसंच हे. हीटर कोअर बऱ्याच गाड्यांत उंचावर असतो, त्यामुळे कूलंट कमी झालं की हवा पहिली तिथे जाऊन बसते.

म्हणून पहिलं काम, कूलंटची पातळी. पण गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना, इंजिन हाताला थंडगार लागत असतानाच. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे माझ्यासाठी म्हणून नव्हे, तुझ्या चेहऱ्यासाठी लक्षात ठेव. आत वातावरणाच्या दाबावर आणखी साधारण एक बार दाब असतो, म्हणून तर कूलंट शंभर अंशांपुढेही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून वर येतं. मिशिगनच्या थंडीत वाटतं, बाहेर उणे वीस आहे, काय होणार! बाहेरच्या थंडीचा आतल्या कूलंटशी काही संबंध नाही.

बाजूची प्लास्टिकची टाकी बघून ‘भरलेली आहे’ म्हणशील आणि फसशील. झाकणाचा रबर गेला असेल किंवा सिस्टिममध्ये हवा असेल तर टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं होतं, कारण गार होताना टाकीतलं कूलंट परत ओढून घेतलं जात नाही. तेव्हा थेट रेडिएटरचं झाकण काढ आणि टॉर्च मारून बघ. कूलंट तोंडाशी दिसलं पाहिजे. ज्या गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नसतं, त्यांच्या दाबाच्या टाकीवरच खुणा असतात. तुझ्या गाडीला झाकण आहे, फोटोत दिसलं. त्याच्या खालचा रबर बोटाने चाचप. कडक झाला असेल, भेगा असतील तर नवीन झाकण आण. ते स्वस्त मिळतं आणि त्याच्यामुळे होणारे घोळ महाग पडतात.

भरायचं काय? साधं पाणी अजिबात नाही. तुझ्या गावात ते गोठेल, फुगेल आणि इंजिनाचा ब्लॉक फोडेल. गाडीच्या पुस्तकात ज्या प्रकारचं कूलंट सांगितलंय तेच, तयार मिसळलेलं घे. निम्मं ग्लायकॉल, निम्मं शुद्ध पाणी, असं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. इथे हुशार पोरं एक चूक करतात: जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त सुरक्षा. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं! पाणी आणि ग्लायकॉल एकमेकांना गोठू देत नाहीत, एकटं कुणीही टिकत नाही. रंगावरूनही ठरवू नकोस. गुलाबी, हिरवं, नारिंगी, हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात. दोन न जुळणारी कूलंटं एकत्र आली तर गंजरोधक रसायनं एकमेकांना मारतात, कधीकधी आत चिकट गाळ धरतो.

आणि हे विष आहे. चव गोड असते, म्हणून कुत्री चाटतात, मांजरंही तोंड लावतात, आणि मांजराला थोडंसंही पुरतं. तुझ्या रूममेटचा बोका बाहेर फिरतो ना? सांडलेलं लगेच पुसून घे, बर्फावर ओतू नकोस, गटारात तर नाहीच. जुनं निघेल ते झाकणाच्या डब्यात साठवून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या संकलनाला दे.

आता एअर काढायची. हे काम गॅरेजचं दार बंद करून करायचं नाही. इंजिन अर्धा तास चालणार आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. गाडी मोकळ्यावर, नाक चढावर करून लाव. तुझ्या प्राध्यापकांच्या घराची ती चढणीची ड्राइव्हवे छान आहे, परवानगी माग. रेडिएटरच्या तोंडावर मोठं फनेल बसव. ऑटो पार्ट्सच्या दुकानात न सांडणारं, तोंडावर घट्ट बसणारं फनेल मिळतं. मोठ्या दुकानांत अनामत ठेवून अवजारं उसनीही देतात, चौकशी कर. फनेलमध्ये थोडं कूलंट राहू दे, हीटरचं बटण पूर्ण लाल, पंखा सर्वांत कमी. गाडी चालू कर.

पहिली दहा मिनिटं काहीच होणार नाही आणि तुला वाटेल आत्या काहीतरी सांगते. मग फनेलमध्ये बुडबुडे येऊ लागतील. वरचा होज जाड हातमोजे घालून दाब आणि सोड, दाब आणि सोड; अडकलेली हवा हलते. काही गाड्यांत एअर काढायचा छोटा स्क्रू असतो, पुस्तकात बघ. थर्मोस्टॅट उघडला की फनेलमधलं कूलंट एकदम खाली ओढलं जाईल, तेव्हा वर घाल. ह्या थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक डबी असते. साधारण ८२ ते ९० अंशांना मेण वितळून फुगतं आणि वाट उघडतं. वीज नाही, कॉम्प्युटर नाही. मला अजूनही हा भाग हातात घेतला की बरं वाटतं. असो. रेडिएटरचा पंखा स्वतःहून एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांब. बाहेर खूप थंडी असेल तर तो सुरूच होणार नाही, मग दोन्ही होज गरम होईपर्यंत तरी थांब. बुडबुडे थांबले की बंद कर, पूर्ण गार होऊ दे, फनेल काढ, झाकण लाव. डॅशमागची खळखळ गेली का ते ऐक.

थंडीबद्दल एक. उणे पंचवीसमध्ये हे करायला जाऊ नकोस. बोटं चालत नाहीत, ते एक. आणि अशा थंडीत प्लास्टिकच्या क्लिपा नुसत्या वाकवल्या तरी मोडतात. जरा ऊन पडेल तो दिवस बघ.

एअर काढूनही आयडलला हवा थंडच आली, तर मग फायरवॉलपाशी जायचं. इंजिनाच्या मागच्या बाजूला पत्र्यात शिरणारे दोन होज शेजारी शेजारी दिसतील, अंगठ्यापेक्षा थोडे जाड. वीसेक डॉलरला इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. गाडी अर्धा तास चालवून आणल्यावर, हीटर पूर्ण सोडून, दोन्ही होजवर तो रोखून आकडा लिहून ठेव. आधी फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून गळ्यातल्या मफलरची टोकं, केस सगळं दूर. आत जाणारा ८० आणि बाहेर येणारा ६५-७० असेल तर प्रवाह ठीक आहे. मग दोष झडपेत. आत जाणारा ८०, बाहेर येणारा ३०, तर कूलंट कोअरमध्ये रखडतंय: एकतर हवा राहिली आहे, नाहीतर गाळ बसलाय. दोन्ही थंड असतील तर ते इथवर येतच नाही. काही गाड्यांत ह्या होजवर एक व्हॉल्व्ह असतो, तो बंदच राहिला का बघ. नाहीतर वॉटर पंप बघायचा. पंपाची पाती झिजली असली तरीही तुझ्यासारखंच लक्षण येतं, रेस दिली की गरम, सोडली की थंड. म्हणून आकडे. लक्षण एकच असलं तरी आकडे वेगळे निघतात.

गाळ निघाला, तर गॅरेजवाल्याचं अर्धं बरोबर. अर्धंच, कारण बुजलेला कोअर आधी धुवून बघायचा असतो. दोन्ही होज काढायचे, बागेच्या नळीने आधी उलट दिशेने, मग सुलट, कमी दाबाने पाणी सोडायचं. गढूळ, तांबूस पाणी येईल, स्वच्छ येईपर्यंत. होज ओढायचे नाहीत, कोअरच्या नळ्या बहुतेक पातळ ॲल्युमिनियमच्या असतात, वाकल्या की संपलं, आणि मग खरंच डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आधी होज फिरवून सैल कर. हटत नसेल तर ब्लेडने लांबीला चीर दे आणि नवा होज घाल. दहा-पंधरा डॉलरच्या होजसाठी कोअर तोडू नये.

पण हे काम तुला सध्या करता येणार नाही. होटनमध्ये जानेवारीत घराबाहेरच्या नळाला पाणी नसतं, आणि धुतल्यावर कोअरमध्ये साधं पाणी राहिलं तर पहिल्याच रात्री ते गोठून कोअर फाटतो. खाली आमच्याकडे आलीस की माझ्या गॅरेजमध्ये आपण दोघी करू. तोवर कुणी मित्र ‘स्टॉप-लीक’ची बाटली घेऊन आला तर त्याला चहा पाज आणि बाटलीसकट परत पाठव. गळती बुजवायला ओतलेलं ते द्रव्य छिद्र शोधतं तसंच बारीक नळ्याही शोधतं, आणि गाडीतल्या सगळ्यात बारीक नळ्या हीटर कोअरमध्ये असतात. मला तर दाट शंका आहे की आधीच्या मालकाने हेच केलंय. रेडिएटरच्या तोंडाशी तपकिरी कण किंवा चमकणारी भुकटी दिसते का बघ.

बाकीची दुखणी तुझ्या गाडीत नाहीत, पण तुझ्या ग्रुपमधली अर्धी पोरं जुन्या गाड्या फिरवतात आणि तुझा हीटर दुरुस्त झाला की सगळी तुझ्या दारात उभी राहणार, म्हणून थोडक्यात. पंखा फक्त शेवटच्या गतीवर फिरतो, बाकी गतींवर मुका, तर रेझिस्टर जळलाय. बहुतेक गाड्यांत तो पॅसेंजरच्या पायांकडे, ग्लोव्ह बॉक्सखाली असतो, दोन स्क्रू आणि एक प्लग. प्लग वितळलेला दिसला तर नुसता रेझिस्टर बदलून भागत नाही, ब्लोअर जास्त करंट ओढतोय का तेही बघायचं. हवा गरम पण फुंकर मारल्यासारखी, तर ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढा. पानं, केस आणि तुमच्या भागात उंदराचं घरटंसुद्धा निघतं. बटण फिरवलं की डॅशमागे टक-टक-टक, तर झडप हलवणाऱ्या मोटरचा प्लास्टिकचा दात तुटलाय. हवा कोमट, काटा वर चढतच नाही, हायवेला तर आणखी खाली येतो, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. तो ओळखायला गाडी थंड असताना सुरू करून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज चाचपायचा; इंजिन तापण्याआधीच तो कोमट व्हायला लागला तर थर्मोस्टॅट गेला. ज्यांचा खालच्या होजच्या तोंडाशी असतो त्यांनी खालचा चाचपायचा. इंजिनाचा दिवा लागून पी०१२८ असा कोड येत असेल तर तोही बहुधा हेच सांगतो.

एक लक्षण मात्र असं आहे की ते आलं तर थांबायचं. काच आतून तेलकट धुक्याने भरते, पुसली तरी फराटे राहतात, गाडीत गोडसर वास येतो, आणि पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागतं. तो कोअर फुटलेला. तेव्हा गॅरेजवाल्याचा कागद खरा. डॅशबोर्ड उतरवण्याचं काम मी तुला घरी करायला सांगणार नाही. शेकड्याने क्लिपा, एअरबॅगच्या वायरी, आणि चुकीचा एक प्लग ओढला तर दुखापत. दोन होज एकमेकांना जोडून कोअर वगळता येतो, गाडी चालते. पण मग डिफ्रॉस्टही नाही, म्हणजे हा उपाय बर्फाच्या दिवसांत नाहीच. तुझं कार्पेट कोरडं आहे असं तू म्हणालीस, तरीही मॅट उचलून खालचा फोम दाबून बघ. वरून कोरडं आणि खाली ओलं, असं असतं.

सगळं झालं तरी एक प्रश्न उरतो, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे: कूलंट गेलं कुठे? ते जळत नाही, उडून जात नाही. झाकण जुनं असेल तर थोडं थोडं जातं, ते मानू. पण म्हणूनच एअर काढल्यावर टाकीवर पातळीशी टेपचा तुकडा चिकटव आणि आठवडाभर रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी बघ. पहिल्या एक-दोन दिवसांत जरा उतरली तर घाबरू नकोस, उरलेली हवा निघते, वर भर. त्यानंतर उतरत राहिली तर गळती शोध. वॉटर पंपाखाली आणि होजच्या जोडांवर वाळलेला गुलाबी पांढरा खर दिसतो का? ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखं काही? रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना बुडबुडे थांबतच नाहीत, असं? मग इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं डोकं यांच्यामधल्या हेड गॅस्केटचा संशय. धुराड्यातून पांढरा धूर हा पुरावा धरू नकोस, उणे वीसमध्ये सगळ्यांच्याच गाड्यांतून पांढरी वाफ येते. त्यासाठी निळ्या द्रवाची एक परीक्षा असते: रेडिएटरच्या तोंडातली हवा त्या द्रवातून ओढायची, ज्वलनाचा वायू असेल तर निळं पिवळं होतं. दुकानात ते उपकरण मिळतं. पिवळं झालं तर गाडी हलवू नकोस, मला फोन कर. मग हीटरचा प्रश्नच राहत नाही, आपण गाडी ठेवायची की विकायची ते बोलू.

पातळी टिकली आणि हवा गरम आली, तर त्या गॅरेजवाल्याला फोन करून ‘सध्या नको’ सांग, भांडू नकोस. तुझ्या गावात गॅरेज मोजकीच आहेत. उद्या बेअरिंग वाजलं की त्याच्याकडेच जायचंय.

दोन्ही होजचे आकडे, बाहेरचं तापमान आणि व्हेंटमधल्या हवेचं तापमान, एवढं एका कागदावर लिहून फोटो पाठव. व्हेंटमध्ये स्वयंपाकघरातला थर्मामीटर खोचलास तरी चालेल, ५० अंशांच्या आसपास आलं तर उत्तम. तुझ्या बाबांना यातलं काही कळवू नकोस, तो उगाच मला रात्री दोनला फोन करेल आणि तुला बसने फिरायला लावेल.

तुझी,
आत्या

ता. क. पुढच्या जाळीतून एक प्लग लोंबतोय, फोटोत दिसला. ती तुटकी वायर नव्हे, ब्लॉक हीटर आहे. आधीच्या मालकाने एक तरी शहाणपणा केला. पार्किंगमध्ये खांबावर बाहेरचा सॉकेट असेल तर निघण्याआधी दोन-तीन तास लाव, इंजिन लवकर तापेल. निघताना वायर काढायला विसरू नकोस, आणि सायलेन्सरचं तोंड बर्फात गाडलेलं नाही ना, ते मागे जाऊन बघ, गाडी सुरू करायच्या आधी.